पेचकस

माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की त्याचा फोन येतो. तब्येत, औषधं, नळाला पाणी आलं की नाही, असं सगळं विचारून झाल्यावर २०२५ च्या जानेवारीत एकदा तो सहज म्हणाला, "अब्बा, वो एम्प्ली अब बदल डालते. सस्ता था, चार साल हो गए. अच्छा वाला चौदा हजार में आ रा."

मी म्हणालो, "सोच के बोलता."

एवढ्याशा गोष्टीचा विचार करायला मला पाच महिने लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस मी. खरेदीच्या बाबतीत घाई करायची सवयच नाही. पण हे पाच महिने केवळ पैशांच्या विचारात गेले, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काड्यापेटीच्या दोन-तीन पेट्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढी ती अॅल्युमिनियमची काळी डबी आहे. पुढे आवाजाचं एक गोल बटण, हेडफोनचं भोक आणि एक निळा दिवा. मोबाईलमधून किंवा टेपमधून येणारा बारीक आवाज ती घेते, त्याला ताकद देते आणि हेडफोनला पुरवते. एवढंच तिचं काम. २०२१ साली, कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर मुलगा घरी आला होता. रात्री मी मोबाईल थेट कानाला लावून गाणी ऐकत पडलेलो त्यानं पाहिलं. परत गेल्यावर त्यानं स्वतःचे जुने, भारीतले हेडफोन कुरियरनं पाठवले. ते २५० ओहमचे. मोबाईलच्या दमानं ते काही नीट वाजेनात. मग पाठोपाठ अठराशे रुपयांची ही डबी आली.

हेडफोन का, तर आमचं घर कादराबाद भागातल्या एका बोळात. शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. त्याच्या घरी भांडं पडलं तर आम्ही दचकतो. बायको फजरला उठणारी, ती दहालाच झोपते. मला मात्र रिटायर झाल्यापासून एक-दीड वाजेपर्यंत डोळा लागत नाही. ती वेळ या डबीबरोबर जाते.

सुरुवातीला डबीत बारीक 'हूं' असा गुणगुणाट यायचा. मुलाला सांगितलं असतं तर तेव्हाच दुसरी आली असती. पण मी रेडिओवाल्याचा मुलगा. चार्जर काढून टाकला, डबी मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालवली. गुणगुणाट गेला. दोन पिनांच्या चार्जरमधून, अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगमधून आलेला तो विजेचा आवाज होता. डबी बिचारी निर्दोष होती. हे अब्बांकडून शिकलेलं. ते म्हणत, गिऱ्हाईक नेहमी मशीनवर आळ घेतं, आपण आधी वायर बघायची.

अब्बांचं दुकान सदर बाजारात होतं. दुकान कसलं, दोन फळ्या, एक बाकडं आणि भिंतीवर उघडे पडलेले रेडिओ. 'जालना सोने का पालना' असं आमच्याकडे म्हणतात. त्या पाळण्यात सरकी, गूळ आणि भुसार मालाच्या व्यापाऱ्यांकडे मोठमोठे व्हॉल्व्हचे रेडिओ होते. रेडिओसाठी पोस्टात लायसन्स काढावं लागे, तो काळ. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. त्यामुळे मंगळवारी अब्बांच्या दुकानात गर्दी. बुधवारच्या आत रेडिओ द्या, म्हणून माणसं हातघाईवर येत. अमीन सायानींचा आवाज शॉर्टवेव्हवर लाटांसारखा यायचा, मोठा व्हायचा, बुडायचा. २० फेब्रुवारी २०२४ ला ते वारल्याची बातमी आली. त्या रात्री मी याच डबीवर त्यांच्या जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं. इतकं स्वच्छ मी त्यांना लहानपणी कधीच ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते बुडणं-वर येणं नसल्यामुळे थोडं परकंही वाटलं.

सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर आले, मग ऐंशीच्या आसपास टू-इन-वन आले. गल्फला गेलेली पोरं सुट्टीवर येताना ते खांद्यावर घेऊन स्टेशनवर उतरत. अब्बांनी तेही काम शिकून घेतलं. बेल्ट बदलणं, हेड स्पिरिटनं पुसणं, आठ पायांची ४५५८ नंबरची आयसी बदलणं. मी सुट्टीत दुकानात बसायचो, रांगा धरायचो, त्यांच्या हातात पेचकस द्यायचो. स्क्रू ड्रायव्हर हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. पेचकसच. अँप्लिफायरबद्दल त्यांचं एक मत होतं. "ईमानदार एम्प्ली अपनी तरफ से कुछ नई बोलता. जो आया वोच आगे देता." गिऱ्हाइकाला ढमढम बास हवा असायचा. अब्बा तोंड वाकडं करून तो करून द्यायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर "कान में शक्कर डाल रा," म्हणायचे.

आता त्या कॅसेटबद्दल.

१९८५ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. घरात मुलांमध्ये मी शेवटचा म्हणून 'छोटू' आणि मुलींमध्ये ती शेवटची म्हणून 'छोटी'. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा मास्तर होतो, तरी घरात छोटूच. मांजाच्या रात्री आतल्या खोलीत बायकांनी ढोलक घेतली. आमच्या दख्खनी घरांतली ती ढोलकीची गाणी वाचकांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली असतील. समधनीला चिमटे, दुल्ह्याची टिंगल, मधेच मुलीला वाटे लावण्याचं एखादं गाणं आणि सगळ्या एकदम गप्प. आज आमच्या मोहल्ल्यात ढोलक निघत नाही. कुणी नको म्हणतं, कुणाला येत नाही. एका घरात तर जुन्या कॅसेटी पोत्यात भरून नदीकाठी जाळल्या, ते मी पाहिलं आहे. त्या वादात मी इथे पडत नाही. माझी अम्मा पाच वेळची नमाजी होती आणि ढोलक तिच्याइतकी गच्च कुणी वाजवत नव्हतं, एवढंच सांगतो.

त्या रात्री अब्बांनी दुकानात दुरुस्तीला आलेला एक टू-इन-वन घरी आणला होता. मर्दांनी आत जायचं नाही, म्हणून पडद्याच्या अलीकडे, भिंतीतल्या ताकात तो ठेवला, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घातली आणि बटण दाबलं. कॅसेट 'भरली', असं आम्ही म्हणायचो. दोन्ही बाजू भरल्या. अब्बांनी ती दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. अम्मा १९९३ मध्ये गेली, दुकान १९९९ मध्ये बंद झालं, अब्बा २००६ मध्ये गेले. ड्रॉवरमधलं सामान एका पत्र्याच्या पेटीत माझ्याकडे आलं आणि माळ्यावर गेलं.

डबी आल्यावर मला त्या पेटीची आठवण झाली. पेटीत कॅसेट होती, दोन-तीन पेचकस होते, रांग्याचं वेटोळं होतं. मुलानं कुठूनतरी एक जुना जपानी टू-इन-वन मिळवून दिला, बेल्ट मी बदलला. डबी जोडली आणि अंधारात पडून ऐकली. छत्तीस वर्षांनी अम्माचा आवाज. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्याच्याकडे असं काही आहे त्याला ठाऊक आहे, आणि ज्याच्याकडे नाही त्याला सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या बाजूला, एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे, अम्मा पडद्याजवळ येऊन अब्बांना विचारते, "किसके वास्ते भर रैं जी ये?" आणि अब्बा मशीनच्या अगदी जवळून, हलक्या आवाजात उत्तर देतात. दोन-तीनच शब्द. मी ऐकलं, "छोटू के वास्ते."

मी ते पंधरा-वीस वेळा ऐकलं. माझ्यासाठी! अब्बा प्रेम बोलून दाखवणारे नव्हते. मी दुकान न घेता मास्तर झालो, याचं त्यांना वाईट वाटलं होतं, ते ते बोलले नव्हते तरी मला माहीत होतं. आणि इथे ते माझं नाव घेत होते. दुसऱ्या दिवशी मी छोटीला भोकरदनला फोन केला आणि मोठ्या उत्साहात सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाई, अब्बा छोटी बोले थे. मैं परदे के पीछेच बैठी थी. अम्मा फिर मेरेकू आके बोली भी, तेरे वास्ते भर रैं करके." मी म्हणालो, इतक्या वर्षांत तू विसरली असशील. ती म्हणाली, "हो सकता." आणि विषय बदलला.

तिनं कॅसेट मागितली नाही. "मेरेकू भी भेजो," एवढंच म्हणाली. मुलानं कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून दिली, आणि मी तिला गाणी पाठवली. दुसऱ्या बाजूचा तो तुकडा वगळून पाठवली. ही चलाखी होती. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की आवाज अस्पष्ट आहे, उगाच वाद कशाला.

तेव्हा चांगली डबी घेण्याचा प्रश्न माझ्यापुढे आला, तो असा आला. चौदा हजारांत जर तो शब्द स्वच्छ झाला, तर छोटीला तो तुकडा पाठवता येईल. अक्षर स्वच्छ झालं की ते 'टू' असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मी वाचायला लागलो. मुलाला प्रश्न विचारले, तोही हौशी, उत्साहानं सांगायचा. त्यातून जे कळलं ते मास्तरकीच्या भाषेत मांडतो. माझे हेडफोन २५० ओहमचे आणि एक मिलिवॉटला ९६ डेसिबल देणारे. २५० ओहममध्ये एक मिलिवॉट जायला अर्धा व्होल्ट पुरतो. ९६ डेसिबल म्हणजे कानाला त्रास होईल इतका मोठा आवाज. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला चाळीस तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. म्हणजे अठराशेच्या डबीला सुद्धा माझ्यासाठी काही कष्ट पडत नव्हते. माझं बटण कधी निम्म्याच्या वर गेलंच नव्हतं. नवीन डबी चौपट ताकदीची. पण ताकद दुप्पट केली की आवाज तीनच डेसिबलनं वाढतो, चौपट केली की सहा. आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. शिवाय ज्याचं बटण निम्म्यावर आहे त्यानं आणखी ताकद घेऊन करायचं काय? विहिरीला पाणी असताना मोटर मोठी घेण्यातला प्रकार.

मुलानं एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. २०११ साली एका अभियंत्यानं, स्वतःचं नाव न सांगता, हेडफोनच्या अँप्लिफायरचा एक नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. सुमारे तीस डॉलरच्या सुट्या भागांत तो तयार व्हायचा. त्याचं म्हणणं असं की आवाजात आपलं काहीही न मिसळणारा अँप्लिफायर स्वस्तात बनतो, हजारो डॉलर मोजायची गरज नाही, आणि हे त्यानं मोजमापं करून दाखवलं. लोकांनी तो घरोघर बनवला. २०१२ नंतर तो माणूस गप्प झाला, तो कोण होता ते आजही लोकांना ठाऊक नाही. मला एकदम सदर बाजारातलं बाकडं आठवलं. "जो आया वोच आगे देता."

तरीही मन मानेना. मग खर्चाचा विचार. चौदा हजार म्हणजे घराच्या गच्चीचं गळतं बंद होतं. रमजान आला तेव्हा जकातीचा हिशेब करताना मौलानांना मी गमतीनं विचारलं, हेडफोनच्या अँप्लीवर जकात बसते का? ते हसले. रोजच्या वापराच्या वस्तूवर नाही, म्हणाले, पण पैसे बाजूला ठेवून वर्षभर नुसता विचार करत बसलात तर त्या पैशांवर मात्र बसेल. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमारे कानाँ का पहिले देखो. कल मैं दूध बोली तो तुम ऊद लाए."

हे खरं होतं. ऊद आणला होता, आणि शिवाय उदबत्तीचा पुडाही.

एप्रिलमध्ये कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावतात, बारीक शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत. हेडफोन लावून परीक्षा देण्याची माझी ही पहिलीच वेळ. शेवटी एक कागद मिळाला. हजार हर्ट्झपर्यंत रेघ बऱ्यापैकी वर होती, मग डोंगरावरून उतरावी तशी उतरत जात चार हजाराला साठ डेसिबलच्या खाली. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे आहे. उंच आवाज आधी जातात, आवाज ऐकू येतो पण शब्द समजत नाहीत. वर्गातल्या गोंगाटानं आणि लहानपणी दुकानात कानाशी भोंगे तपासल्यानं भर पडली असेल. मी बाहेर बसलो होतो तेव्हा शेजारी आमच्याच भागातला एक माणूस भेटला, एका रोलिंग मिलमध्ये वीस वर्षं काम केलेला. जालन्याची सळई सगळ्या महाराष्ट्रात जाते. ती तयार होताना होणारा आवाज त्याच्या कागदावर उतरला होता. चार हजारापाशी खड्डा, जणू रेघेला कुणी बुक्की मारली. वय पंचेचाळीस. तो मला म्हणाला, "मास्तर, घरचे बोलतात ते कळतं, पण पोरगी बोलते ते कळत नाही. तिचा आवाज बारीक आहे ना." त्याच्यापुढे माझी अँप्लीची चिंता मला लाजिरवाणी वाटली.

घरी येऊन मी तो कागद समोर ठेवून बसलो. स्वर शिकवताना आम्ही जिभेची जागा सांगतो. पण 'ई' आणि 'ऊ' यांचा खालचा भाग जवळपास एकच असतो, तीनशे हर्ट्झच्या आसपास. 'ई'चा वेगळेपणा आहे तो वरच्या भागात, दोन हजाराच्याही वर. तो भाग कापला गेला की 'ई' हा 'ऊ'सारखा ऐकू येतो. हे वाचलं आणि पोटात खड्डा पडला. मी बायकोला माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि सांगितलं, हळू आवाजात कधी 'ईद' म्हण, कधी 'ऊद' म्हण, तुझ्या मनाला येईल तसं. दहा वेळा म्हणाली. चार वेळा मी चुकलो. चारही वेळा ती 'ईद' म्हणाली होती.

म्हणजे डबी बदलून काही होणार नव्हतं. जगातली सगळ्यात महाग डबी आणली तरी ती जे काही वर देईल ते माझ्या दारातूनच परत जाणार. पण मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आधी लक्षात यायला हवी होती. कॅसेटच मुळात मंद होती. ढोलक चांगली येत होती, पण बायकांच्या बांगड्यांचा आवाज कुठेच नव्हता. पंचवीस बायका टाळ्या वाजवतायत आणि बांगड्या वाजत नाहीत, असं कसं होईल? माझे कान कमजोर, हे खरं. पण मुलानंही ऐकताना "बहुत दबा हुआ है" म्हटलं होतं.

इथे अब्बा कामाला आले. टेपवर आवाज बारीक उभ्या रेघांसारखा उमटतो. वाचणारं हेड त्या रेघांना काटकोनात, बरोबर त्याच कोनात बसलं पाहिजे. केसभर तिरकं असलं तरी उंच आवाज आपसातच मरून जातात, जाड आवाज तेवढा राहतो. कॅसेट भरली ती दुरुस्तीला आलेल्या मशीनवर, त्याचं हेड तिरकं असणार. मी ऐकत होतो ते दुसऱ्याच मशीनवर. अब्बा म्हणायचे, "जितना तिरछा भरा, उतनाच तिरछा सुन." आणि मोबाईलमध्ये उतरवलेली प्रतही याच चुकीच्या कोनातून उतरलेली, म्हणून तीही मंद. चौदा हजारांचा प्रश्न एका स्क्रूवर येऊन थांबला.

मे महिन्यात मुलगा कुटुंबासह आला. नात दहा वर्षांची. दुपारी सगळे झोपले असताना मी टू-इन-वन उघडला. हेडला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एक घट्ट बसलेला, दुसऱ्याच्या खाली बारीक स्प्रिंग. फिरवायचा तो स्प्रिंगवाला. आधी तो कसा होता त्याची खूण करून ठेवायची. बायकोच्या कपाटातली नेलपॉलिशची जुनी बाटली त्यासाठी वापरली. हेड स्पिरिटनं पुसलं, कापसावर तपकिरी भुकटी आली. मग अब्बांचा सगळ्यात बारीक पेचकस घेतला. त्याची लाकडी मूठ त्यांच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजलेली आहे. माझा अंगठा तिथे बरोबर बसत नाही, माझा हात मोठा आहे.

पण अडचण अशी की स्क्रू फिरवताना उंच आवाज ऐकावा लागतो. जास्तीत जास्त चमक आली की थांबायचं. ती चमक माझ्या कानाला कशी कळणार? नात शेजारी येऊन बसली होती, "दादा, हे काय करताय?" तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले. ते तिला मोठे होत होते, दोन्ही हातांनी धरून बसली. डबीचं बटण मी अगदी हळू ठेवलं. म्हटलं, "मी हे फिरवतो. आवाज चमकायला लागला की सांग. परत मंद झाला की तेही सांग."

मी सुईच्या टोकाएवढं फिरवलं. "मंद झाला." उलटं फिरवलं. "थोडा चांगला." आणखी. "आणखी चांगला." आणखी जरासं. ती एकदम ताठ बसली. "दादा, बांगड्या!"

मी हात तिथेच धरला. परत दोन केस पुढे-मागे करून पाहिलं, ती म्हणाली तिथेच ठेवलं. मला स्वतःला ऐकताना थोडा फरक कळला, ढोलकीच्या काठावरची टणक थाप पूर्वीपेक्षा उठून येत होती. बांगड्या मला ऐकू आल्या नाहीत.

मग मी दुसरी बाजू लावली. त्या जागेच्या थोडं आधी आणून ठेवली आणि तिला म्हटलं, इथे एक बाई काहीतरी विचारते, एक माणूस उत्तर देतो, तो काय म्हणतो ते सांग. कोण आहेत ते सांगितलं नाही. मला काय वाटतं तेही सांगितलं नाही. एवढा प्रामाणिकपणा त्या वेळी केला, याचं मला बरं वाटतं, कारण मोह झाला होता.

तिनं ऐकलं. एकदाच. हेडफोन न काढता, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "छोटी के वास्ते. वहाँ इसकू कौन सुनाएगा."

"काय?"

"छोटी के वास्ते. वहाँ इसकू कौन सुनाएगा. असं म्हणतात ते."

दुसरं वाक्य मी आजवर ऐकलंच नव्हतं. मला तिथे अब्बांचा खाकरण्याचा आवाज वाटायचा. मुलाला झोपेतून उठवून ऐकवलं. त्यानंही तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

छोटीचं सासर भोकरदन तालुक्यातलं एक खेडं. १९८५ मध्ये तिथे टेप नव्हता, काही दिवस वीजही धड नव्हती. कॅसेट देऊन ती वाजवणार कशावर, म्हणून अब्बांनी ती थांबवून ठेवली असणार. पुढे टेप आला असेल, पण तोवर त्या घरात गाण्यांचं वारं बदललं होतं. मग अम्मा गेली. अब्बांनी ती कॅसेट पुन्हा कधी लावली का, मला माहीत नाही. माझ्या आठवणीत तरी नाही.

त्या शुक्रवारी मुलगा घरीच होता, त्यामुळे फोन नव्हता. मी त्याला सांगितलं, नवीन एम्प्ली नको. ते चौदा हजार आणि माझ्याकडचे काही मिळवून एका कानाचं यंत्र घेऊ. सध्या एकच. उजवा. ते जूनमध्ये आलं. ते लावल्यावर पहिल्यांदा मला कळलं की आमच्या स्वयंपाकघरातला पंखा किरकिरतो.

त्याआधी, मेच्या शेवटच्या रविवारी, मी एसटीनं भोकरदनला गेलो. पिशवीत टू-इन-वन, कॅसेट, हेडफोन आणि डबी. हेडफोन मुद्दाम नेले, कारण छोटीच्या घरी आजही गाणी मोठ्यानं लावलेली चालत नाहीत, आणि तिच्या म्हातारपणी त्यावरून घरात बोलाचाली व्हायला नको. ती चहा ठेवायला उठली, मी म्हटलं, चहा नंतर. तिला पलंगावर बसवलं, कानाला हेडफोन लावले, निळा दिवा लागला. मी काही बोललो नाही. दुसरी बाजू सुरुवातीपासून लावली.

तिनं डोळे मिटून घेतले. ढोलक सुरू झाली असावी, तिची बोटं मांडीवर हलायला लागली. ती जागा आली तेव्हा मला कळलं, कारण बोटं थांबली. डोळे उघडून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं ती मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "भाई, थोडा आवाज बढाओ. बटण किदर है इसका?"

येताना पिशवी रिकामी होती. पुढच्या शुक्रवारी मुलाचा पुण्याहून फोन आला. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "एम्प्ली फूफी के घर छोड के आए बोले. तो अब तुमकू नया भेजूँ क्या?"

मी म्हणालो, "पहिले फूफीकू पूछ, उसकू बराबर सुनाई आ रा क्या."